कागद आहे का, असं विचारणारी तार

विंडोजचा अगदी नवा लॅपटॉप घ्या. डेस्कटॉपवर एक रिकामा फोल्डर तयार करा आणि त्याला रोमन लिपीत ‘पी आर एन’ या तीन अक्षरांचं नाव द्या. विंडोज ते नाव घेणार नाही. ‘एलपीटी १’ हे नाव देऊन पाहा. तेही नाकारलं जाईल. इतर हजारो नावं चालतात, ही मात्र चालत नाहीत, कारण ती फार पूर्वीच दुसऱ्या कुणाला तरी देऊन झाली आहेत. पीआरएन म्हणजे प्रिंटर. एलपीटी १ म्हणजे कॉम्प्युटरच्या पाठीमागे असायचं ते पंचवीस भोकांचं रुंद पोर्ट. तुमच्या लॅपटॉपला ते पोर्ट नाही, त्याच्या आधीच्यालाही बहुधा नव्हतं. तरीही डॉसच्या काळात प्रिंटरसाठी राखलेलं नाव आजही त्याच्यासाठीच राखलेलं आहे.

जुना प्रिंटर नव्या कॉम्प्युटरला जोडताना जी खटपट होते तिच्याकडे म्हणूनच मला फार कुतूहलाने पाहावंसं वाटतं. त्या दोन यंत्रांमध्ये अर्धशतकाहून अधिक काळात झालेले करार एकावर एक रचलेले असतात आणि त्यातले जवळजवळ सगळे आजही इमानाने पाळले जातात. ‘प्रिंटर चालत नाही’ असं आपण म्हणतो तेव्हा त्यातला बहुतेक वेळा एखादाच करार मोडलेला असतो. तो कोणता ते सापडलं की निम्मं काम झालं.

पहिली चौकशी अर्थातच प्रिंटरची एकट्याची करायची. केबल काढून टाका. डॉट मॅट्रिक्स असेल तर लाइन फीडचं बटण दाबून धरा आणि तसंच धरून पॉवर चालू करा. बहुतेक मॉडेलं लगेच स्वतःची अक्षरं ओळीने छापायला लागतात. बऱ्याच लेझर प्रिंटरांवरही एखादं बटण काही सेकंद दाबून ठेवलं की चाचणीचं पान बाहेर येतं. ते स्वच्छ आलं तर रोलर, ड्रम, टोनर, रिबन, पिना सगळं ठीक आहे. मग बिघाड संवादात आहे, आणि खरी मौज तिथेच आहे.

हा संवाद सुरू होतो १९७० साली, अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात. सेंट्रॉनिक्स नावाच्या कंपनीने १०१ क्रमांकाचा डॉट मॅट्रिक्स प्रिंटर काढला. त्या कंपनीचे धागे कॅल्क्युलेटर बनवणाऱ्या वांग लॅबोरेटरीजशी जुळलेले होते. वांगकडे जुन्या एका कॅल्क्युलेटरसाठी घेतलेले छत्तीस पिनांचे वीसेक हजार कनेक्टर उरले होते. तेच नव्या प्रिंटरला लावले. पुढे कित्येक वर्षं जगभरच्या प्रिंटरांच्या पाठीवर, मुंबईपासून चंद्रपूरपर्यंतच्या ऑफिसांतल्या प्रिंटरांच्याही, ते आडवं, दोन्ही बाजूंना तारेच्या कड्या असलेलं सॉकेट दिसत राहिलं. त्याचा उगम गोदामातल्या शिल्लक मालात आहे.

त्या केबलमधून काय जायचं ते पाहिलं की मन थक्क होतं, इतकं ते सरळ होतं. आठ तारा माहितीच्या. प्रत्येकीवर वीज आहे किंवा नाही, एवढंच. आठही तारा मिळून एका वेळी एक अक्षर. अक्षर तारांवर ठेवलं की कॉम्प्युटर ‘स्ट्रोब’ नावाच्या नवव्या तारेवर एक निमिषमात्र इशारा देतो: घे. तो इशारा सेकंदाच्या दहा लाखाव्या भागाच्या निम्म्याइतका टिकला तरी पुरतो. प्रिंटर लगेच ‘बिझी’ची तार उंचावतो: थांब, मी कामात आहे. काम झालं की आणखी एका तारेवरून पोच देतो: मिळालं, पुढचं पाठव. याशिवाय प्रिंटरकडून येणाऱ्या तीन ताराही होत्या. एक सांगायची कागद संपला, दुसरी सांगायची मी तयार आहे, तिसरी सांगायची काहीतरी चुकलंय. कागद आहे की नाही या एका प्रश्नासाठी अख्खी तांब्याची तार. १९८१ साली आयबीएमने आपल्या पीसीसाठी कॉम्प्युटरच्या बाजूचं टोक पंचवीस पिनांचं केलं, पण बोलणं तेच ठेवलं.

मग १९९६ साली यूएसबी आलं. आठ तारा गेल्या, स्ट्रोब गेला, बिझी गेला. केबलमध्ये चारच तारा राहिल्या, दोन विजेच्या आणि दोन माहितीच्या. जुनं सगळं पुसलं गेलं असं वाटावं. पण प्रिंटरांसाठीचा यूएसबीचा नियम उघडून पाहिला तर तिथे एक प्रश्न आहे, जो कॉम्प्युटर प्रिंटरला केव्हाही विचारू शकतो: तुझी स्थिती काय? उत्तर एकाच बाइटमध्ये द्यायचं. त्या बाइटमधला पाचव्या क्रमांकाचा बिट म्हणजे कागद संपला, चौथा म्हणजे मी तयार आहे, तिसरा म्हणजे चूक नाही. आता जुन्या आयबीएम पीसीच्या पॅरलल पोर्टचा नकाशा शेजारी ठेवा. तिथेही कागदाची तार पाचव्या बिटावर, तयारीची चौथ्यावर, चुकीची तिसऱ्यावर. तारा गेल्या आणि त्यांच्या जागा तशाच राहिल्या! आज तुमचा लॅपटॉप यूएसबीतून कागदाची चौकशी करतो ती त्या एका तारेच्या जागी पाहून.

त्याच नियमात एक सवलतही आहे. आपली स्थिती ज्या प्रिंटरला नीट ओळखता येत नाही, त्याने ‘कागद आहे, मी तयार आहे, चूक नाही’ असंच सांगावं. समोर कागद अडकलेला दिसतोय आणि स्क्रीन म्हणते सगळं ठीक, याचं एक कारण इथे सापडतं.

यूएसबीने आणखी एक वारसा घेतला. पॅरलल पोर्टसाठी १९९४ साली आयईईई १२८४ नावाचं मानक ठरलं. त्यात प्रिंटरने स्वतःची ओळख साध्या मजकुरात सांगायची सोय होती: बनवणारी कंपनी अमुक, मॉडेल तमुक, आणि मला समजणाऱ्या भाषा या. यूएसबीने ही ओळखीची ओळ जशीच्या तशी उचलली. त्यामुळे वीस वर्षांपूर्वीचा यूएसबी प्रिंटर आजच्या लॅपटॉपला लावला की तो पहिल्या क्षणी आपलं नाव-गाव सांगून मोकळा होतो. विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘यूएसबी प्रिंटिंग सपोर्ट’ अशी नोंद उमटली तर समजा की केबल चांगली आहे, पोर्ट चांगलं आहे आणि ओळख पटलेली आहे. ही नोंदच दिसत नसेल तर ड्रायव्हर शोधत बसू नका. केबल बदला, हब काढा, थेट लॅपटॉपला जोडा.

इथे आणखी एक गंमत घडते. काही यूएसबी उपकरणं स्वतःचा अनुक्रमांक सांगत नाहीत. अशांना विंडोज ओळखतं ते कोणत्या भोकात लावलंय त्यावरून. तोच प्रिंटर उद्या शेजारच्या भोकात लावला की विंडोजला तो दुसराच वाटतो. यादीत ‘कॉपी १’ असा नवा प्रिंटर उगवतो, आणि जुन्या नावावर पाठवलेलं पान जिथे आता काहीच जोडलेलं नाही त्या पोर्टवर ताटकळत राहतं. ‘ऑफलाइन दाखवतोय’ या तक्रारीमागे पुष्कळदा एवढंच असतं. प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये पोर्टच्या टॅबवर जाऊन योग्य पोर्ट निवडा, किंवा केबल पूर्वीच्या भोकात लावा.

पॅरलल पोर्टचाच प्रिंटर असेल तर यूएसबी-टू-पॅरलल केबल मिळते. तिच्या गड्ड्यात एक छोटी चिप बसवलेली असते. ती लॅपटॉपशी यूएसबीत बोलते आणि प्रिंटरच्या बाजूला आठ तारा, स्ट्रोब, बिझी असा सगळा जुना शिष्टाचार पाळते. फक्त त्यामुळे एलपीटी १ तयार होत नाही, हे लक्षात ठेवायला हवं. हिशेबाचे जुने फॉक्सप्रोमधले प्रोग्रॅम अजून काही दुकानांत आणि पतसंस्थांत चालतात. ते थेट एलपीटी १ वर अक्षरं लिहितात, त्यांना यूएसबी ठाऊकच नाही. त्यावरचा उपाय तंत्रज्ञांना तोंडपाठ असतो. प्रिंटर नेटवर्कवर शेअर करायचा, आणि ‘नेट यूज’ या आज्ञेने आपल्याच कॉम्प्युटरवरच्या त्या शेअर केलेल्या प्रिंटरला एलपीटी १ हे नाव द्यायचं. प्रोग्रॅमला वाटतं आपण १९९० सालच्या पोर्टवर लिहितोय, आणि बिल यूएसबीतून छापलं जातं.

इथवर ओळख पटली, पोच मिळाली. पण काय बोलायचं? कागदावर काय उमटवायचं ते कोणत्या भाषेत सांगायचं? ड्रायव्हर हा इथला दुभाषा. आणि जुन्या प्रिंटरच्या गोष्टीत हरवतो तो बहुधा हाच.

१९८४ साली एचपीने पहिला लेझरजेट आणला, तेव्हा त्याची स्मृती १२८ किलोबाइट होती. तीनशे टिंबं दर इंचाला या हिशेबाने एक पूर्ण ए-फोर पान चित्र म्हणून साठवायला सुमारे अकरा लाख बाइट लागतात. म्हणजे त्या लेझरजेटला पूर्ण पानभर चित्र धरूनच ठेवता येत नव्हतं. त्याच्याकडे अक्षरांचे तयार साचे होते आणि पीसीएल नावाची भाषा: या जागी जा, हा साचा घे, हे अक्षर काढ. पुढच्याच वर्षी ॲपलने लेझररायटर आणला. त्यात ॲडोबीची पोस्टस्क्रिप्ट भाषा होती. पोस्टस्क्रिप्टमध्ये पान म्हणजे एक प्रोग्रॅम असतो आणि प्रिंटर तो चालवून पान काढतो. त्यासाठी लेझररायटरमध्ये दीड मेगाबाइट स्मृती आणि बारा मेगाहर्ट्झचा मोटोरोला ६८००० प्रोसेसर होता. त्या वेळच्या मॅकिंटॉशमध्ये हाच प्रोसेसर आठ मेगाहर्ट्झच्याही किंचित खाली चालायचा. टेबलावरच्या कॉम्प्युटरपेक्षा शेजारचा प्रिंटर अधिक ताकदीचा होता.

अशा भाषा जाणणारे जुने प्रिंटर आज सगळ्यात सोपे पडतात. मूळ ड्रायव्हर मिळाला नाही तरी पीसीएल किंवा पोस्टस्क्रिप्ट बोलणारा कुठलाही सर्वसाधारण ड्रायव्हर चालून जातो. विंडोजमध्येच पीसीएल ६ चा एक सामायिक ड्रायव्हर असतो, एचपीचा युनिव्हर्सल ड्रायव्हरही असतो. भाषा चुकली तर मात्र प्रिंटर ते लपवत नाही. टक्क्याचं चिन्ह, उद्गारचिन्ह आणि पुढे ‘पीएस ॲडोबी’ अशी रोमन अक्षरं पानाच्या माथ्यावर आली आणि मागून ढीगभर अगम्य ओळींची पानं पडू लागली, तर पोस्टस्क्रिप्ट न येणाऱ्या प्रिंटरला पोस्टस्क्रिप्ट पाठवलंय. तो प्रोग्रॅम चालवण्याऐवजी वाचून दाखवतोय. मला तर ते बिघाडाचं सगळ्यात उपयोगी लक्षण वाटतं, कारण त्यात निदान लिहूनच येतं. तेव्हा कॅन्सल दाबूनही पानं थांबत नसतील तर स्पूलरची, म्हणजे छपाईची रांग सांभाळणारी, सर्व्हिस बंद करा, सिस्टम ३२ मधल्या स्पूलच्या प्रिंटर्स फोल्डरात अडकलेल्या फाइली पुसा, सर्व्हिस पुन्हा सुरू करा.

दुभाषा हरवण्याचं एक कारण म्हणजे बत्तीस आणि चौसष्ट बिट. विंडोज ११ फक्त चौसष्ट बिटांतच येतं. त्यातला स्पूलर चौसष्ट बिटांचा आहे आणि बत्तीस बिटांचा ड्रायव्हर तो स्वतःत घेऊच शकत नाही. एक्सपीच्या काळातली सीडी जपून ठेवली असली तरी उपयोग नाही. एआरएम चिपवर चालणारे विंडोजचे लॅपटॉप आता दुकानांत दिसतात, त्यांना तर एआरएमसाठीच तयार केलेला ड्रायव्हर लागतो. प्रिंटर जुना झाला म्हणून नव्हे, त्याच्या कंपनीने एक प्रोग्रॅम नव्या साच्यात पुन्हा बांधला नाही म्हणून तो निकामी ठरतो. याची मला मनापासून खंत वाटते. आत लोखंड, काच आणि रबर सगळं शाबूत असतं.

पीसीएल आणि पोस्टस्क्रिप्टवाल्यांनंतरची तिसरी जात आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसणारी. झेरॉक्सच्या दुकानात, वकिलाच्या टेबलावर, सोसायटीच्या कार्यालयात एचपीचा लेझरजेट १०२० किंवा कॅननचा एलबीपी २९०० हमखास भेटतो. १०२० मधलं ‘ट्वेल्व्ह ए’ कार्ट्रिज तर रिफिल करणाऱ्यांच्या रोजच्या बोलण्यातलं. या प्रिंटरांना पीसीएल येत नाही, पोस्टस्क्रिप्टही येत नाही. पान कसं दिसेल याचा सगळा विचार कॉम्प्युटर करतो आणि तयार चित्र पाठवतो. त्यामुळे प्रिंटर स्वस्त झाला. पण सहाशे टिंबं दर इंचाला म्हटलं की ए-फोर पानावर साडेतीन कोटींच्या आसपास टिंबं होतात, म्हणजे त्रेचाळीस लाखांहून जास्त बाइट. १०२० मध्ये स्मृती आहे दोन मेगाबाइट. पान त्यात मावतच नाही. आणि लेझर प्रिंटरला पानाच्या मध्यावर थांबता येत नाही, ड्रम फिरायला लागला की पुढची टिंबं वेळेवर हजर असावीच लागतात. म्हणून कॉम्प्युटर ते चित्र दाबून लहान करतो आणि प्रिंटर छापता छापता उलगडत जातो.

त्याहून आश्चर्याची गोष्ट वेगळीच आहे. १०२० चं बटण बंद केलं की तो स्वतःचा प्रोग्रॅमच विसरतो. दर वेळी चालू केल्यावर कॉम्प्युटरला तो प्रोग्रॅम, म्हणजे फर्मवेअर, केबलमधून आधी त्याच्यात भरावा लागतो. तोवर त्याला छापता येत नाही. अशा प्रिंटरचा ड्रायव्हर गेला तर दुभाषाबरोबर त्याची अर्धी बुद्धीही गेली.

तरीही मराठी माणसाने या प्रिंटरांना कमी लेखू नये असं मला वाटतं, आणि त्याचं कारण जुन्या डॉट मॅट्रिक्समध्ये आहे. त्याच्या पोटात रोमन अक्षरांचे साचे होते, देवनागरीचे नव्हते. जोडाक्षरं, वेलांट्या, रफार कुठून येणार? आयआयटी कानपूरमध्ये सुरू होऊन पुढे पुण्याच्या सी-डॅकमध्ये वाढलेल्या जिस्ट तंत्राने डॉसच्या पडद्यावर देवनागरी आणली. कागदावर मात्र ती चित्र म्हणूनच उतरवावी लागायची. एपसनच्या डॉट मॅट्रिक्स प्रिंटरांच्या भाषेत त्यासाठी चित्राची आज्ञा आहे. ती दिली की पुढच्या प्रत्येक बाइटचा अर्थ बदलतो. इंग्रजी छापताना आठ तारांवरून एक अक्षर जायचं. मराठी छापताना त्याच आठ तारांवरून अक्षराच्या एका उभ्या कापाची आठ टिंबं जायची. सगळ्यात वरच्या टिंबाची तार सगळ्यात वरच्या पिनेसाठी, त्याखालची त्याखालच्या पिनेसाठी. ‘क्ष’चा एक काप, मग पुढचा, मग त्यापुढचा. केबलमधल्या माहितीच्या प्रत्येक तारेला रिबनमागे धडकणारी आपली अशी पिन होती, आणि मराठी त्या आठ तारांवरून शिरोरेषेसकट चालत गेली. अक्षरांचा विचार कॉम्प्युटरने करायचा आणि प्रिंटरला टिंबं द्यायची, ही १०२० ची रीत मराठीने त्याच्या कितीतरी आधी वापरली होती.

ड्रायव्हर कुणाच्या हाती असावा, या प्रश्नाने तर कॉम्प्युटरच्या इतिहासाला वळण दिलं आहे. एमआयटीच्या आर्टिफिशियल इंटेलिजन्स लॅबमध्ये रिचर्ड स्टॉलमन यांनी आधीच्या प्रिंटरच्या प्रोग्रॅममध्ये भर घातली होती: कागद अडकला की वाट पाहणाऱ्यांच्या पडद्यावर निरोप यायचा. १९८० च्या सुमारास झेरॉक्सचा नवा लेझर प्रिंटर आला. त्याचा सोर्स कोड मात्र मिळाला नाही. कार्नेगी मेलन विद्यापीठात ज्यांच्याकडे तो होता त्यांनी गुप्ततेच्या वचनामुळे द्यायला नकार दिला. १९८३ साली स्टॉलमन यांनी मोकळ्या सॉफ्टवेअरचा ग्नू प्रकल्प जाहीर केला, त्यामागच्या कारणांत ते हा प्रसंग नेहमी सांगतात.

त्या परंपरेतल्या लोकांनीच आज १०२० ला तारलं आहे. त्यांनी त्याची भाषा उलगडली आणि लिनक्ससाठी मोकळा ड्रायव्हर लिहिला. फर्मवेअर भरण्याचं कामही तो ड्रायव्हर करतो. सोर्स कोड उघडा असल्याने तो बत्तीस बिटांवर, चौसष्टवर, एआरएमवर, कशावरही बांधून घेता येतो.

इकडे विंडोज ड्रायव्हरांपासूनच दूर चाललंय. २०२१ साली ‘प्रिंटनाइटमेअर’ या नावाने गाजलेली स्पूलरमधली फट उघड झाली. ड्रायव्हर बसवण्याच्या सोयीतून परक्याला कॉम्प्युटरचा ताबा घेता येत होता. मग ड्रायव्हर टाकायला ॲडमिनिस्ट्रेटरचा अधिकार सक्तीचा झाला. म्हणून ऑफिसात शेअर केलेला जुना प्रिंटर एकाएकी पासवर्ड मागू लागला तर गोंधळू नका. २०२३ साली मायक्रोसॉफ्टने कंपन्यांचे वेगळे ड्रायव्हर टप्प्याटप्प्याने मागे टाकायचं जाहीर केलं. पुढची वाट आयपीपीची आहे: सगळ्या प्रिंटरांनी नेटवर्कवर एकच सामायिक भाषा बोलायची, दुभाषाच नको. फोनवरून प्रिंट मारतो तेव्हा आपण बहुतेक वेळा हेच वापरत असतो.

जुन्या प्रिंटरला ती भाषा शिकवता येत नाही, पण त्याच्या वतीने बोलणारा एखादा लहान कॉम्प्युटर नेमता येतो. तळहाताएवढा रास्पबेरी पाय घ्या, किंवा पडून असलेला जुना लॅपटॉप. त्यावर लिनक्स आणि कप्स ही छपाईची व्यवस्था टाका. कप्स १९९९ पासून आहे आणि ॲपलच्या मॅकमध्येही छपाईसाठी तेच वापरलं जातं. मोकळा ड्रायव्हर टाका, १०२० यूएसबीने त्याला जोडा, आणि प्रिंटर नेटवर्कवर शेअर करा. आता घरातल्या वायफायवर तो आयपीपी प्रिंटर म्हणून दिसू लागतो. नव्या लॅपटॉपला, आयफोनला, अँड्रॉइडला काहीही वेगळं टाकावं लागत नाही. फोनवरून पान सुटतं, पाय ते टिंबांमध्ये बदलतो, दाबून लहान करतो, प्रिंटर नुकताच चालू केला असेल तर आधी त्याला त्याचा प्रोग्रॅम भरवतो आणि मग पान पाठवतो. तुमच्या प्रिंटरसाठी असा मोकळा ड्रायव्हर आहे का, हे मॉडेलचं नाव टाकून आधी पाहून घ्या आणि मगच पायवर पैसे घाला. १०२० साठी तो आहे. एखाद्या मॉडेलसाठी नसेल, तर जुना विंडोज कॉम्प्युटर इंटरनेटपासून तोडून फक्त छपाईसाठी ठेवा आणि पीडीएफ पेनड्राइव्हवरून त्याच्याकडे न्या.